स्लिप इंडिकेटर: गोळा झकास, खुंटीनं डोकं उठवलं

पाच इंडिकेटर, पाच खुंट्या. पाकिटात एवढंच येतं. सहावी खुंटी येत नाही, आणि हे सगळं परीक्षण त्या सहाव्या खुंटीबद्दलच आहे असं वाटलं तर वाटू द्या.

स्लिप इंडिकेटर म्हणजे फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे किड्यासारख्या दिसणाऱ्या बनावट आमिषानं (फ्लाय) मासा धरताना, दोऱ्यावर बसवायचा तरंगता गोळा. मासा लागला की तो जागचा सुटून दोऱ्यावरून खाली घसरतो, म्हणून खोल तळ्यातल्या ट्राउटला लागतो. पाऊण इंची गोळा, मधून आरपार नळी, नळीत लीडरचा, म्हणजे फ्लाय लाइन (फेकायची जाड दोरी) आणि फ्लाय यांच्यामधल्या बारीक दोऱ्याचा, छोटासा फास आणि फास धरून ठेवायला वरून दाबलेली खुंटी. किंमत म्हणाल तर तेवढ्यात दोघं जण इंदूरच्या सराफ्यात पोटभर खातील आणि घरी गराडू (तळलेला कंद) बांधून नेतील.

खुंटी सेंटिमीटरभर लांब, एका टोकाला निमुळती आणि पारदर्शक. पारदर्शक! ज्या वस्तूचं कामच मुळी लांबून दिसणं, तिचा एकुलता एक सुटा भाग बनवणाऱ्यानं काचेसारखा केलाय. ओल्या गवतात पडली, गेली. नावेच्या फळ्यांच्या फटीत पडली, गेली. आणि ती पडतेच, कारण खोली बदलायची तर प्रत्येक वेळी ती उपसावी लागते, आणि तळ्यावर खोली बदलणं हा सतत चालणारा उद्योग आहे. गार पाण्यानं बोटं बधिर झालेली असताना तर विचारूच नका.

विक्रेत्याकडे नुसत्या खुंट्या मागितल्या. पहिलं उत्तर आलं, ‘इंडिकेटर पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासा.’ दुसरं आलं की सुटे भाग मिळत नाहीत, हवं तर अख्खं पाकीट परत पाठवा, कुरियरचा खर्च तुमचा. तिसऱ्या वेळी फोटो मागितले. पाठवल्यावर म्हणाले, फोटोत पाचही नग दिसताहेत, सबब तक्रार बंद करत आहोत. पारदर्शक खुंटी हरवली आहे हे फोटोत दाखवायचं कसं, ते आता त्यांनीच सांगावं.

असो. वस्तूबद्दल बोलू.

खुंटीची पकड दोऱ्याच्या जाडीवर ठरते, आणि हे पाकिटावर कुठेही लिहिलेलं नाही. टिपेट म्हणजे लीडरचा टोकाकडचा बारीक भाग, आणि एक्सचा आकडा जितका मोठा तितका तो बारीक. ४एक्स टिपेट ०.१८ मिलिमीटर, ३एक्स ०.२०, ५एक्स ०.१५. या टप्प्यात खुंटी नीट बसते. निमुळत्या लीडरच्या जाड भागावर, म्हणजे ०.३० च्या पुढे, ती अर्धवटच आत जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेकीला गोळा घसरून खाली येतो. म्हणून तळ्यासाठी निमुळता लीडर वापरायचाच नाही. फ्लाय लाइनच्या टोकाला दोनेक फूट जाड नायलॉन आणि त्यापुढे सरळ एकाच जाडीचं सहा ते आठ पाउंडी फ्लुरोकार्बन. फ्लुरोकार्बन यासाठी की त्याची घनता पाण्याच्या पावणेदोन पटीहून जास्त असते आणि ते लवकर बुडतं. नायलॉन पाण्याहून जेमतेम जड असतं आणि रेंगाळतं.

फास किती काढायचा हेही महत्त्वाचं. गोळ्याच्या बाहेर तीन-चार मिलिमीटर पुरे. मोठा फास काढला तर झटका बसल्यावर तो पूर्ण उलगडत नाही, नळीत मुरड अडकून बसते आणि मग मासा गळाला, गोळा रॉडच्या टोकाच्या कडीला आणि तुम्ही मधे. खुंटी दाबायची ती अंगठ्याच्या पेरानं, दातांनी नाही. दातांनी दाबलेली खुंटी सुटत नाही.

सुरुवातीच्या महिन्यांत या इंडिकेटरला मी पाचातले दोनच तारे दिले होते. ते इंदूरच्या पाण्यावरून दिले होते, हे आधी सांगायला हवं. ट्राउट इथे नाहीच. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्या माशाची दमछाक होते आणि आपल्याकडे तळ्यांचं पाणी वर्षातला बराच काळ त्याच्या वरच असतं. पण फेक, खोली, झटका यांची सवय तिलापिया आणि कॉमन कार्पवर करता येते. महूकडची, चोरलच्या बाजूची खाजगी मत्स्यतळी मालकाला विचारून वापरता येतात. सिरपूर आणि यशवंत सागर ही तळी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहेत, तिथे असले प्रयोग करायला जाऊ नये. १६ जून ते १५ ऑगस्ट मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. नदी-नाल्याशी न जोडलेली लहान तळी त्यातून वगळली आहेत, तरी मालकाकडून खात्री करून घ्यावी.

या तळ्यांवर स्लिप इंडिकेटर कुचकामी ठरला. पाव किलोच्या तिलापियाच्या ओढीनं फास उलगडतच नाही. गोळा आहे तिथेच राहतो, मासा काठाला येतो, म्हणजे पैसे ज्या करामतीचे मोजले तीच होत नाही. शिवाय पाणी पाच-सहा फूट. नऊ फुटी रॉडला एवढ्या खोलीवर सुटणारा गोळा लागतच नाही. लोकरीच्या झुबक्याला रबरी नळीचा तुकडा लावून केलेला साधा इंडिकेटर तेच काम करतो आणि त्याला खुंटी नसते.

मत बदललं ते काश्मीरच्या तळ्यांवर.

गंगाबल, नुंदकोल, विशनसर, किशनसर, सगळी साडेतीन हजार मीटरच्या आसपास किंवा वर, आणि त्यांत ब्राउन ट्राउट आहे. हा मासा काश्मीरचा मूळचा नव्हे. १९०० च्या सुमारास ब्रिटनहून अंडी आणून तो वाढवला गेला. मत्स्य विभागाचा परवाना आधी काढावा लागतो. या तळ्यांचा काठ काही ठिकाणी एकदम खोल जातो. चार पावलांवर गुडघाभर पाणी आणि त्यापुढे बारा-पंधरा फूट. ट्राउट त्या उताराच्या कडेनं फिरतो आणि तळापासून फूट-दीड फुटावर चरतो, कारण कायरोनोमिडचे, म्हणजे डासासारख्या दिसणाऱ्या न चावणाऱ्या चिलटांचे, कोश वर निघण्याआधी तिथेच घुटमळत असतात. (मत्स्यालयाच्या दुकानात ब्लडवर्म म्हणून मिळतात त्या याच चिलटांच्या अळ्या.) म्हणजे फ्लाय बारा फुटांवर लटकायला हवी. गोळा पक्का बांधलेला असेल तर रीळ गुंडाळताना तो टोकाच्या कडीत अडकणार आणि मासा अजून बारा फूट खाली. नऊ फुटी रॉड हातात धरून बारा फूट खालचा मासा जाळ्यात घेणारा हात अजून जन्मायचाय.

इथे फास सुटला. किलोभर ट्राउटच्या ओढीनं, रॉड ठाम वर उचलल्यावर, खट्‌कन सुटला आणि गोळा दोऱ्यावरून घरंगळत खाली गेला. झटक्याआधी दोरा गोळ्याजवळ काटकोनात वळलेला असतो; दोन्ही बाजूंनी ताण आला की तो सरळ होतो आणि फास नळीतून निघतो. तिलापियाच्या ओढीत एवढा ताणच नसतो. आता चार तारे. पाचवा खुंटीपायी गेला.

गोळा घरंगळून थेट माशाच्या तोंडावर आदळू नये म्हणून फ्लायच्या दीड-दोन फूट वर बारकं बॅरल स्विव्हल (दोऱ्यात बांधायची फिरती कडी) बांधायचं, बारा किंवा चौदा नंबरचं. ते दोन कामं करतं. गोळा अडवतं आणि दोऱ्याचा पीळ काढतं. दहा नंबरचं, म्हणजे मोठं, लावलं तर त्याच्या वजनानं फ्लायची चाल बिघडते. फ्लाय बांधायची ती घट्ट गाठीनं नाही, न आवळणाऱ्या फासाच्या गाठीनं, म्हणजे ती लाटेबरोबर मोकळी हलते. गळ बारा ते सोळा नंबरचा, तीन मिलिमीटरचा टंगस्टन मणी.

आता खोली मोजणं, ज्यात लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात. नावेत असाल तर फ्लायला फोर्सेप्सचा चिमटा लावा, सरळ खाली सोडा, दोरा सैल झाला की तळ आला. मग पाण्याच्या पृष्ठभागापासून फूटभर खाली दोऱ्यावर गोळा बसवा. फ्लाय तळापासून फूटभर वर राहते. नाव एका नांगरावर ठेवू नका, पुढून आणि मागून दोन्हीकडून बांधा, नाहीतर ती वाऱ्यावर झुलते आणि मोजलेली खोली वाया जाते.

काठावरून चिमटा सरळ खाली सोडता येत नाही. तिथे गोळ्याच्याच वागण्यावरून ओळखायचं. दुरंगी गोळा असेल तर फ्लाय अधांतरी लटकत असताना तो ताठ उभा राहतो आणि एकच रंग वर दिसतो. फ्लाय तळाला टेकली की खालचं वजन जातं, गोळा आडवा पडतो आणि दोन्ही रंग दिसतात. आडवा पडला की वीतभर कमी करा, पुन्हा फेका. ताठ झाला की तिथून आणखी वीतभर वर. हे फक्त जड मण्याच्या फ्लायवर जमतं, हलकी फ्लाय गोळ्याला उभं करूच शकत नाही. या एका कारणासाठी एकरंगीपेक्षा दुरंगी गोळे घ्या. आणि या सगळ्या मोजणीत खुंटी किती वेळा काढ-घाल होते ते मोजा, मग माझा वैताग कळेल.

फेक सावकाश, मोठ्या कमानीची, शक्यतो बाजूनं मागे नेऊन वरून पुढे. पंधरा फुटी लीडरला घाई चालत नाही. तीन पदरी गुंता झाला तर सोडवू नका, कापा. वारा पाठीवर किंवा खांद्यावर घ्या. पाणी आरशासारखं असेल तर फ्लाय मेल्यासारखी लटकते. थोडी लाट असली की गोळा वरखाली होतो आणि फ्लायला चाल मिळते. डोंगरातल्या तळ्यांवर दुपारनंतर वारा सुटतो, पण तो बऱ्याचदा हवा त्यापेक्षा जास्तच असतो.

गोळा बुडण्याची वाट बघू नका. मासा फ्लाय घेऊन वर आला तर गोळा बुडत नाही, उलट कलंडतो, क्षणभर हलका होतो. कलंडला की उचला. खोटं निघालं तर गेलं काय?

खुंटीच्या पर्यायांकडे परत येतो, कारण जिव्हाळ्याचा विषय तोच आहे. लाकडी टूथपिक पहिल्यांदा उत्तम वाटते, पण तासाभरानं पाण्यानं फुगते आणि फास सोडत नाही. वितळलेल्या मेणबत्तीत बुडवून काढली तर अर्धा दिवस टिकते. पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दिले तर अधिक टिकते; फक्त टोकाकडे थर जाड होऊ देऊ नका, सँडपेपरवर घासून पुन्हा निमुळती करा. अगरबत्तीची काडी बारीक पडते. प्लास्टिकची कानकाडी मापात बसते, पण १ जुलै २०२२ पासून तिच्यावर बंदी आहे आणि इंदुरात कचऱ्याच्या बाबतीत कोणी डोळेझाक करत नाही. त्याच यादीत सजावटीचं थर्मोकोलही आहे, त्यामुळे ‘थर्मोकोलची गोळी घ्या, टूथपिक खुपसा, फुकटात काम’ हा सल्लाही बाजूला ठेवा. गोळी चुरते आणि तिचा भुगा तळ्यात राहतो तो वेगळाच.

मूळच्या खुंट्या शिल्लक असतील तर तळ्यावर जायच्या आधी घरीच लाल पर्मनंट मार्करनं रंगवा. नेलपॉलिशनं रंगवू नका, जाडी वाढते आणि खुंटी ४एक्सवर अडकते. पाच रुपयांच्या शाईनं जे होतं ते कारखान्यात का होत नाही, हे विचारायला मी पुन्हा लिहिलं होतं. ‘आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे’ असं उत्तर आलं.

रंगांबद्दल थोडक्यात. ढगाळ उजेडात नारिंगी, पाण्यावर समोरून ऊन चमकत असेल तर काळा. चमकत्या पाण्यावर काळा ठिपका दिसतो, नारिंगी विरून जातो. पांढरा घेऊच नका, फेसात हरवतो. अर्धा इंची गोळा शांत पाण्याला आणि एकाच हलक्या फ्लायला ठीक, टंगस्टनच्या वजनानं तो बुडत राहतो. एक इंची गोळा फेकताना भोवऱ्यासारखा फिरतो आणि उथळ पाण्यात धपकन पडून ट्राउट बिचकवतो. पाऊण इंची घ्या.

डबीत ठेवताना खुंटी दाबून बसवून ठेवू नका. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेल्या डबीत फोमची नळी रुंदावलेली सापडली आणि त्यानंतर त्या गोळ्यांत ५एक्स धरेनासा झाला. खुंट्या वेगळ्या, लहान झिपच्या पिशवीत, आणि डबी सावलीत.