आंबोलीतली रात्रीची बेडूकफेरी: जरूर करा, पण गट लहान मागा

आंबोलीला पावसाळ्यात येणारे बहुतेक जण धबधब्याखाली भिजतात, गरम कणीस खातात आणि परततात. आम्ही जूनअखेरीस उतरलो त्या होमस्टेवाले रात्री जेवणानंतर बेडूक दाखवायला नेतात. माणशी ५०० रुपये, दोन-अडीच तास. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे माझी अपेक्षा जरा जास्तच होती. ती पुरी झाली.

पहिली पसंतीची गोष्ट निघण्याआधीच घडली. डासांचं क्रीम लावलेल्या सगळ्यांना वाटाड्या दादांनी हात धुवायला पाठवलं आणि तरीही कशाला हात लावायचा नाही, असं बजावलं. कारणही सांगितलं: बेडकाची कातडी पातळ, ओलसर, आणि तिच्या लगेच खाली केशवाहिन्यांचं जाळं. हवेतला ऑक्सिजन त्या ओलाव्यात विरघळून थेट रक्तात जातो, आणि कार्बन डायऑक्साइड तर बराचसा कातडीतूनच बाहेर पडतो. जिथून ऑक्सिजन शिरतो, तिथून आपल्या हाताचं औषधही शिरतं.

रस्त्याकडेच्या डबक्यात बसलेल्या एका मोठ्या बेडकापाशी दादांनी आम्हाला चांगलं दहा मिनिटं थांबवलं. इतर ठिकाणी ‘हा बघा, तो बघा’ करत पळवतात. इथे दादा म्हणाले, ‘‘गळा बघू नका, कूस बघा.’’ गळा सारखा थरथरत होता, पण ती नुसती तोंडातली हवा आत-बाहेर होत असते. मध्येच गळा खोल खाली गेला, नाकपुड्या मिटल्या, गळा वर उचलला गेला आणि कूस फुगली. हवा फुप्फुसात गेली ती तेव्हा! बेडकाला आपल्यासारखं श्वासपटल नाही आणि छातीचा पिंजराही नाही. तो हवा अक्षरशः गिळून आत ढकलतो. फळ्यावर ही आकृती मी कितीतरी वेळा काढली आहे, पण कुशीची ती हालचाल इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिली.

पुढे एका ओहोळाशी, पाणी झिरपणाऱ्या उभ्या कातळाला चिकटलेले बेडूकमासे दाखवले. बेडूकमासा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डबकं येतं. पण इंडिराना गटातल्या बेडकांची पिल्लं अशी ओल्या दगडावरच वाढतात. कल्ले कातडीच्या पडद्याआड असतात, त्यामुळे दिसत नाहीत; दगडावरचा पाण्याचा पातळ थर मात्र टॉर्चमध्ये स्पष्ट चमकत होता. तो सुकला तर सगळंच संपलं. पाण्यावर झुकलेल्या फांदीला मलबारी उडत्या बेडकाचं फेसाचं घरटंही होतं. त्यातून पिल्लं खाली पाण्यात पडतात आणि मग कल्ल्यांवर जगतात.

सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, आंबोली टोड हा बेडूकही दिसला. २००९ साली याच गावातून जगाला ओळख झालेली ही जात आज अतिसंकटग्रस्त आहे. तो पाहताना मला खरंच भरून आलं.

आता तक्रार. आमच्या गटात पंधराएक माणसं होती, ती फार झाली. मागच्यांना काही दिसेना, म्हणून ते पुढे घुसत होते. दोघांनी टोडच्या तोंडावर फ्लॅश मारले आणि त्यांना कुणी अडवलं नाही. बेडकाला हात न लावण्याबाबत जितकी शिस्त होती, तितकीच उजेडाबाबतही हवी. होमस्टेच्या मालकांना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण गट लहान करण्याचं कबूल केलं नाही. म्हणून एक तारा कमी, पाचपैकी चार.

जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. छत्रीऐवजी रेनकोट घ्या, बूट घट्ट पकड असलेले घाला आणि टॉर्च मंद ठेवा. डांबरी रस्त्यावर चालताना तो पायापुढेच धरा. पावसात बेडूक रस्त्यावर येऊन बसतात.