गर्दीच्या दिवशी मेंबरचे ताट : सोलापुरातील एका घरगुती खानावळीविषयी

सोलापुरात राहणाऱ्या माणसाने खानावळीची पारख कोणत्या दिवशी करावी, याचे उत्तर माझ्यापुरते ठरलेले आहे : गुरुवारी, पौर्णिमेला किंवा सलग सुट्ट्या आल्यावर. अक्कलकोट येथून सुमारे ४० किलोमीटरवर, तुळजापूर सुमारे ४५ आणि पंढरपूर सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. पलीकडे कर्नाटकात गाणगापूर आहे. या क्षेत्रांना निघालेला भाविक सोलापुरात निदान एक वेळ जेवतो, पुष्कळदा एक रात्र मुक्कामही करतो, आणि अशा दिवसांत शहरातील कितीतरी खानावळींची रीत बदलते. साध्या थाळीची पाटी आत जाते, ‘स्पेशल’ थाळीची बाहेर येते, भाकरी मोजून वाढली जाते आणि वर्षभर रोज जेवणाऱ्या माणसाला थांबायला सांगितले जाते. छत्रपती शिवाजी महाराज चौकातील एसटी स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर, नवी पेठेच्या बाजूच्या एका गल्लीत असलेली ही खानावळ या बाबतीत वेगळी वागते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

पाटीवर ‘घरगुती खानावळ’ एवढेच शब्द आहेत. चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. त्या घरात कन्नड बोलतात आणि गिऱ्हाइकांशी सोलापुरी मराठीत. महिन्याचे पैसे भरून जेवणाऱ्यांना येथे मेंबर म्हणतात. कापड दुकानांत काम करणारी माणसे, बाहेरगावाहून शिकायला आलेली मुले, मुक्कामी ड्यूटीवर आलेले एसटीचे चालक-वाहक आणि मुले पुण्या-मुंबईला गेल्यामुळे मागे एकटे राहिलेले काही वयस्कर लोक, असे हे मेंबर आहेत. बसण्यासाठी दोन खोल्या आहेत. बाहेरची खोली येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी असते, तर आतल्या खोलीतील बाक दुपारी साडेबारा ते दोन या वेळात फक्त मेंबरांसाठी राखलेले असतात आणि बाहेर दारापर्यंत रांग आलेली असली तरी ते दुसऱ्या कोणाला दिले जात नाहीत. एका सुट्टीच्या दिवशी, आत जागा रिकामी दिसत असताना आपल्याला उभे का ठेवले, असे एका गृहस्थांनी जरा चढ्या आवाजात विचारले, तेव्हा अक्कांनी भाकरी थापता थापताच शांतपणे सांगितले, “ते बाक रोजच्या मेंबरचे हायेत, दादा. त्यांची जेवायची सुट्टी अर्ध्या तासाची असती. त्यांचं झालं की तुम्हीच बसा.” या उत्तरात पाहुण्याचा अपमान नव्हता, आणि मेंबरांना आपण येथे अडचण होत आहोत असे वाटण्याचे कारणही राहिले नाही.

जेवणाबद्दल सांगायचे तर येथे ज्वारीची भाकरीच मुख्य आहे. ज्वारी मालदांडी वाणाची, मंगळवेढा भागातून आणलेली असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून सोलापूरकर भाकरीची चव याच ज्वारीवरून ठरवत आले आहेत. काळ्या खोल जमिनीत पावसाळा संपता संपता पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढवायची ही रब्बीची ज्वारी आहे. तिचे पीठ ताजे असेल तर भाकरी पांढरीशुभ्र, किंचित गोड आणि गार झाल्यावरही मऊ राहते. अक्का एका वेळी थोडेच दळण आणतात आणि ते वारंवार आणतात, कारण दळून ठेवलेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना चिरते आणि मग ती सावरण्यासाठी गव्हाचे पीठ मिसळण्याचा मोह होतो. येथील भाकरीत अशी भेसळ मला आढळलेली नाही. भाकरी मागणीप्रमाणे थापली जाते, तव्यावरून थेट निखाऱ्यावर जाते आणि पूर्ण फुगल्यावरच ताटात येते. मेंबरांना भाकरीची मर्यादा नाही.

सोबत एक भरली किंवा परतलेली भाजी, एक पालेभाजी किंवा झुणका, शेंगदाण्याची आमटी, दही, कांदा, शेंगाचटणी आणि शेवटी थोडा भात असे ताट असते. त्यात शेंगदाण्याची आमटी सर्वांत चांगली होते. भाजलेले दाणे वाटून त्यात लसूण, जिरे आणि लाल तिखट घालून ती मंद आचेवर इतका वेळ उकळली जाते की दाण्याचे तेल कडेने वर येते. रंग देण्यासाठी वरून तिखटाची फोडणी ओतण्याची घाई येथे केली जात नाही. भरली वांगी मात्र रोज सारखी होत नाहीत. काटेरी देठाची लहान वांगी मिळाली तर उत्तम, मोठी आली तर आतला मसाला बाहेर आणि वांगे अर्धवट कच्चे राहिलेले, असे होते. भात साधारण आहे आणि त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. तिखटाचे प्रमाण सोलापुरी असल्यामुळे मुंबईकडून येणारे पाहुणे दह्याची दुसरी वाटी मागतात. ती त्यांना मिळते, पण आमटी त्यांच्यासाठी वेगळी केली जात नाही. हे मला योग्य वाटते, कारण पाहुण्यांच्या जिभेसाठी एकदा चव सौम्य केली की पुढे तीच वर्षभर राहते आणि मग गावच्या माणसाला गावातच आपले जेवण शोधत फिरावे लागते.

गर्दीचे वेळापत्रक या शहरातील प्रत्येकाला पाठ असते. दर गुरुवारी आणि चैत्रात स्वामी समर्थांच्या प्रकटदिनी व पुण्यतिथीला अक्कलकोटची गर्दी असते. नवरात्रात तुळजापूरची असते आणि ती आश्विन पौर्णिमेला कळसाला पोचते, कारण त्या दिवशी सोलापुरातून असंख्य माणसे पायी तुळजापूरला जातात. आषाढी आणि कार्तिकीला पंढरपूरची वर्दळ असते. आणि जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली की सात नंदीध्वजांच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीमुळे आणि होम मैदानावरील जत्रेमुळे शहराच्या मध्यभागातील नेहमीचे रस्ते कित्येक तास बंद राहतात. गड्डा ही आमची स्वतःची यात्रा आहे आणि तिची वाट आम्हीही पाहतो. तरीही त्या दिवसांत कामावर जाणाऱ्या माणसाला वळसा घ्यावाच लागतो आणि जेवायला बाहेर पडलेल्याला जागा मिळत नाही. या दिवसांसाठी अक्कांनी एक उपाय केला आहे, जो इतर खानावळवाल्यांनीही अवश्य पाहावा. मेंबरांची आमटी आणि भाजी सकाळीच वेगळ्या पातेल्यात काढून ठेवली जाते. बाहेरच्या खोलीतील गिऱ्हाइके वाढली आणि मोठ्या पातेल्यात पाणी घालण्याची वेळ आली, तरी त्याचा परिणाम आतल्या ताटावर होत नाही. दरही वाढत नाही. फळ्यावर खडूने लिहिलेला थाळीचा भाव सोमवारी जो असतो, तोच पौर्णिमेला असतो, आणि तो पाहुण्यालाही तेवढाच लागू असतो. गड्ड्याच्या दिवसांत भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिश्र भाजी केली जाते. त्या दिवसासाठीही वेगळा भाव लावला जात नाही.

रात्रीच्या वेळेत अलीकडे झालेला बदलही नोंदवायला हवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई–सोलापूर वंदे भारत गाडी सुरू झाली आणि ती रात्री साडेदहानंतर सोलापुरात पोचत असल्यामुळे, पूर्वी दहाच्या सुमारास चूल विझवणाऱ्या परिसरातील काही खानावळी आता उशिरापर्यंत उघड्या राहू लागल्या. ही खानावळ मात्र साडेनऊलाच शेवटची पंगत घेते. भाकऱ्या थापणाऱ्या दोन्ही बायका पूर्व भागात राहतात आणि त्यांना वेळेत घरी पोचायचे असते, हे कारण अक्का मोकळेपणाने सांगतात. रात्री उतरणाऱ्या प्रवाशाची यात गैरसोय होते हे खरे आहे, तरीही मला हा निर्णय पटतो. शहरात पाहुणे वाढले म्हणून चुलीपुढे आठ तास बसलेल्या बाईचा दिवस आणखी दोन तासांनी लांबवावा, असे मला वाटत नाही.

आता उणिवांकडे येतो. पहिली आणि सर्वांत गंभीर उणीव घरपोच डब्याची आहे. खोलीत बसून जेवणाऱ्या मेंबरांची जी काळजी गर्दीच्या दिवशी घेतली जाते, ती डबा घेणाऱ्यांच्या वाट्याला येत नाही. गुरुवारी आणि सुट्टीच्या दिवशी डबा पाऊण-एक तास उशिरा येतो, कारण पोचवणारा मुलगा त्या वेळी बाहेरच्या खोलीत वाढण्याच्या कामाला लावलेला असतो. डबा घेणाऱ्यांत बहुतेक वयस्कर लोक आहेत, काहींची औषधे जेवणाच्या वेळेशी बांधलेली आहेत, आणि ते रांगेत येऊन तक्रार करू शकत नाहीत. त्यांच्या बाबतीत एवढा उशीर खपवून घेता येणार नाही. दुसरी उणीव पाण्याची आहे. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे खानावळीत पिण्यासाठी जार मागवले जातात. गर्दीत ते दुपारीच संपतात आणि मग हात धुण्याच्या टाकीतही पाणी कमी पडते. उजनी धरणाचे पाणी शहराला किती पुरते हा प्रश्न अक्कांच्या हातातला नाही, पण गर्दीचा दिवस आधी माहीत असताना चार जार जास्त मागवणे त्यांच्या हातातले आहे. तिसरी गोष्ट गल्लीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांची. भाविकांच्या मोठ्या गाड्या दारापुढे लागल्या की शेजारच्या घरांतून दुचाकीसुद्धा बाहेर काढता येत नाही. गाड्या स्थानकाजवळच्या मोकळ्या जागेत लावाव्यात अशी पाटी दाराबाहेर लावली तर निम्मे भांडण मिटेल.

शेंगाचटणी येथे विकतही मिळते. ती उखळात कुटलेली असते, आणि कुटल्यामुळे दाण्यातले तेल सुटून चटणी ओलसर, दाट आणि किंचित चिकट होते. मिक्सरमध्ये फिरवलेली चटणी कोरडी, भुगा झालेली असते आणि तिचा लसूण दोन दिवसांत उतरतो. गर्दीच्या दिवशी चटणी लवकर संपते, कारण कुटण्याचे काम वाढवता येत नाही आणि अक्का बाहेरून आणलेली चटणी आपली म्हणून विकत नाहीत. गावाबाहेरच्या नातेवाइकांना पाठवायची असेल तर मंगळवारी किंवा बुधवारी न्यावी. कडक भाकरी मात्र त्या स्वतः करत नाहीत. ती गरज असेल त्यांनी शहरातील महिला गृहउद्योगांकडून घ्यावी, तेथे ती चांगल्या प्रकारे मिळते.

मासिक मेंबर होण्यासाठी महिन्याच्या सुरुवातीला जावे लागते आणि आतल्या खोलीत जागा शिल्लक असेल तरच नवीन नाव घेतले जाते. सुट्टीवर गावी जाणाऱ्याने आदल्या रात्रीपर्यंत सांगितले तर त्या दिवसांचे पैसे पुढील महिन्यात वळते केले जातात, आणि हा हिशेब वहीत मेंबरासमोरच लिहिला जातो. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असते. डबा उशिरा येण्याविषयी मी अक्कांशी बोललो आहे. आषाढीच्या आधी डब्यासाठी वेगळा मुलगा ठेवण्याचे त्यांनी कबूल केले आहे, आणि तो ठेवला गेला की नाही हे मी वारी झाल्यावर येथे पुन्हा नोंदवीन.