मल्लेश्वरममधला फर्निश्ड फ्लॅट: वाइनचे ग्लास सहा, लाटणं एकही नाही

जानेवारी ते जून २०२४, असे साडेपाच महिने मी आणि आई बंगळुरात मल्लेश्वरमला राहिलो. माझं काम भारतीय विज्ञान संस्थेत होतं. तिथले रिक्षावाले तिला अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’च म्हणतात. इतके दिवस हॉटेल परवडणारं नव्हतं, आणि आईला तीन दिवसांवर बाहेरचं खाणं सोसत नाही. सरळ भाड्यानं घर घ्यावं तर या शहरात आठ-आठ, दहा-दहा महिन्यांचं भाडं अनामत म्हणून मागतात. म्हणून महिन्याच्या बोलीवर, भांड्याकुंड्यांसकट मिळणारा एक बेडरूमचा फ्लॅट घेतला. भाडं ३४ हजार, अनामत एका महिन्याची, विजेचं बिल वेगळं.

फोटोत स्वयंपाकघर झकास दिसत होतं. गेल्यावर कळलं की ते फोटोसाठीच लावलेलं आहे. वाइनचे ग्लास सहा, कॉफीचे मग आठ, पास्त्याचा चिमटा, एक अर्धवट नॉनस्टिक डोशाचा तवा. कुकर तीन लिटरचा, त्याची रिंग सैल. लाटणं नाही, पोळपाट नाही, किसणी नाही, मिसळणाचा डबा तर सोडाच. आईनं सगळे ड्रॉवर उघडून पाहिले आणि म्हणाली, “इथं कुणी जेवलेलंच नाही गं.” खरंच होतं ते. आधीचे पाहुणे चहा-मॅगीवर काढून बाकी सगळं ॲपवरून मागवणारे असणार. तेव्हा अशा जागेत स्वतः रांधून राहायचं असेल तर ‘किचन आहे का’ हे विचारू नका. ‘चपात्या करता येतील एवढं सामान आहे का, कुकर किती लिटरचा, सिलिंडर एक की दोन’ हे विचारा. आमच्याकडे सिलिंडर एकच होता. तो संपला रविवारी रात्री, भात अर्धा शिजलेला असताना. दुसरा यायला बुधवार उजाडला. त्यानंतर मी एक साधी इंडक्शन शेगडी घेतली आणि मनाची चिंता मिटवली.

लाटणं आणायला आठव्या क्रॉसवर गेलो. मल्लेश्वरममध्ये ‘मेन’ दक्षिणोत्तर आणि ‘क्रॉस’ पूर्व-पश्चिम. हे एकदा डोक्यात बसलं की कुणाला पत्ता विचारावा लागत नाही. आमची जागा पंधराव्या क्रॉसजवळ. भांड्यांच्या दुकानात आईनं हातानं लाटायची खूण केली, तर दुकानदार म्हणाला, “लट्टणिगे!” आई तिथंच हसायला लागली. आम्ही सांगलीचे. आजोळ सीमेकडचं असल्यानं आईला कन्नड येतं, पण ते तिकडचं, ठसकेबाज. इथल्या भाजीवालीला ते ऐकून मजा वाटायची. पण त्यामुळेच शेपूच्या जुडीवर मूठभर कोथिंबीर फुकट यायची. मला नुसतं ‘एष्टु’ (किती) विचारता येत होतं, मला कधी काही फुकट मिळालं नाही.

या राहण्यातला खरा फायदा हा शेजार होता, फ्लॅट नव्हे. पालेभाजी दारावर. फळं घ्यायला हॉपकॉम्स या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं दुकान, तिथं भाव लिहिलेले, घासाघीस नाही. नंदिनी दुधाची निळी पिशवी पातळ, सायीसाठी केशरी घ्यायची, हे आईला दुसऱ्याच दिवशी शेजारणीनं सांगितलं. ज्वारीचं पीठ ‘जोळद हिट्टु’ म्हणून मागायचं, उत्तर कर्नाटकातल्या लोकांमुळे ते सहज मिळतं. थंडीत अवरेकाय, म्हणजे आपल्या पावट्याचा भाऊ, ढिगांनी येतो. इथले लोक तो भिजवून, दाबून, साल काढून त्याची आमटी करतात. आईनं एकदा अख्खी दुपार त्या सालींत घालवली, पुन्हा नाव काढलं नाही. स्वयंपाकाचा कंटाळा आला की वीणा स्टोअर्सची इडली जवळच. सीटीआर हॉटेलचा बेण्णे (लोण्यातला) मसाल डोसा सातव्या क्रॉसवर, पण रविवारी सकाळी जाण्यात अर्थ नाही.

आम्ही उतरलो त्याच आठवड्यात संक्रांत होती. समोरच्या घरातल्या बाई तीळ, गूळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे आणि ऊस घेऊन आल्या. त्यांची म्हण ‘एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि’, म्हणजे तीळ-गूळ खा, चांगलं बोला. आईनं लगेच आपली म्हटली. तिथून जी ओळख जमली ती उगादीपर्यंत इतकी वाढली की ९ एप्रिलला आमची गुढी त्यांच्या गच्चीत उभी राहिली (आमच्या बाल्कनीला जाळी होती) आणि त्यांचे ओब्बट्टु, म्हणजे तिकडच्या पुरणपोळ्या, आमच्या ओट्यावर. आईचा निकाल: पुरण छान, पण पोळी तेलात हातानं थापलेली, त्यामुळे आपल्यासारखी पातळ नाही. हे तिनं त्यांना सांगितलं नाही, मला सांगितलं.

घरापासून चार मिनिटांवर काडु मल्लेश्वराचं देऊळ. यावरूनच वस्तीचं नाव पडलं. तिथल्या १६६९ च्या शिलालेखात एकोजीराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावानं, देवाला गाव इनाम दिल्याचा उल्लेख आहे. आईनं हे मिरजेपासून सांगलीपर्यंत फोनवर सगळ्यांना कळवलं.

आता पाणी. मार्चमध्ये शहरात टंचाई सुरू झाली. पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर ५ हजारांचा दंड लागू झाला. शंभरेक किलोमीटरवरून उपसून आणलेलं कावेरीचं पाणी जुन्या वस्त्यांना मिळतं. बोअरवेलवर जगणारी बाहेरची उपनगरं आधी कोरडी पडली. माझ्या ऑफिसातल्या एका मुलीच्या चकचकीत सोसायटीत जलतरण तलाव होता आणि आंघोळीला बादली मोजून. आमच्याकडे कावेरी एक दिवसाआड येऊन खालच्या टाकीत भरायची, एवढ्यावर भागलं. गोची वेगळीच होती. गच्चीवर सोलर हीटर, आम्ही पहिल्या मजल्यावर, पाइप लांबलचक. गरम पाणी नळाला यायच्या आधी दीड-दोन बादल्या गार पाणी वाहून जायचं. टंचाईत ते ओतायचं जिवावर यायचं, म्हणून रोज ते बादलीत धरून भांडी घासायला वापरलं. जूनमध्ये ढग आले तसं तेही गरम होईना. मालकांनी गीझर लावतो म्हटलं, आमच्या जाण्यापर्यंत लावला नाही.

‘बंगळुराला एसी कशाला’ असंही सांगितलं होतं. एप्रिलअखेर पारा ३८ वर गेला. पंखा दोनवरच फिरायचा.

कचऱ्याची गाडी सकाळी येते. ओला, सुका आणि सॅनिटरी वेगळा लागतो. मिसळलात तर पिशवी परत हातात मिळते, तेही सगळ्या गल्लीदेखत.

पुन्हा राहीन का? याच वस्तीत राहीन, या फ्लॅटमध्ये गीझर लागला तरच. अनामत आठ दिवसांत परत आली, हिशेबासकट. त्यात नॉनस्टिक तव्याचे ६०० कापले होते. मी भांडायच्या तयारीत होते, पण आईनं गप्प केलं. लोखंडी तवा येईपर्यंत महिनाभर तिनं त्यावरच भाकऱ्या भाजल्या होत्या.