जुनी शेड की मंगल कार्यालय? फोटो कुठे चांगले येतील

ठाण्यात कारखान्याला कारखाना कोणी म्हणत नाही, कंपनी म्हणतात. रेमंडची लोकरीची गिरणी इथे 1925 मध्ये उभी राहिली. 1962 मध्ये एमआयडीसी आली आणि आधी वागळे इस्टेट, मग ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने रबाळे, महापे, तुर्भे असा सगळा पट्टा भोंग्यावर चालू लागला. त्यातल्या कितीतरी जागांवर आज टॉवर आहेत. पण जिथे कुठे जुनी शेड पाडलेली नाही, विटा घासून आणि पत्रा बदलून ती समारंभाला दिली जाते, तिथे लग्न करावं का, असं हल्ली मला मुलंमुली विचारतात. घरच्यांनी तोवर नेहमीचं एसी कार्यालय बघून ठेवलेलं असतं.

दोन्हीकडे मी फोटो काढले आहेत, म्हणून मत आधीच सांगतो. मुहूर्त दिवसाचा असेल आणि लग्न तुळशीच्या लग्नापासून होळीपर्यंत कधीही असेल, तर शेड घ्या. गोरज मुहूर्त असेल आणि दिव्यांसाठी वेगळा खर्च करायची तयारी नसेल, तर कार्यालयच घ्या.

शेडचं सगळं वैभव तिच्या छपरात आहे. जुन्या गिरण्यांचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरत्या पत्र्याची, दुसरी जवळजवळ उभी, काचेची. काच उत्तरेला ठेवत, कारण विणकराला धागा दिसायला हवा, पण ऊन त्याच्या डोळ्यांवर यायला नको. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडेच असतो, त्यामुळे या काचांतून थेट ऊन आत येतच नाही, नुसता आभाळाचा मऊ उजेड उतरतो. शालूची जर त्यात चमकते, पण पांढरीफटक पडत नाही. हिरव्या चुड्याची एकेक बांगडी वेगळी दिसते.

अंतरपाट धरलाय, नवरी मान खाली घालून उभी आहे, मामा मागे उभा आहे. कार्यालयात अशा वेळी डोक्यावरचे दिवे सरळ खाली पडतात. मुंडावळ्यांची आणि कपाळाची सावली डोळ्यांवर येते, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. शेडमध्ये उजेड तिरपा, एका बाजूने येतो. मान खाली असली तरी पापण्या दिसतात, आणि पापणीवर थांबलेलं पाणीही दिसतं. लग्नाच्या अख्ख्या दिवसात मला एकच फोटो मिळणार असेल तर तो हाच हवा, आणि त्यासाठी मी शेडकडे झुकतो.

वैशाखातलं लग्न असेल तर मात्र जपून. मे महिन्यात सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, म्हणून सकाळच्या मुहूर्ताला त्याच काचांतून उन्हाचे पट्टे आत उतरतात. नवरदेवाचं अर्धं तोंड उन्हात आणि अर्धं सावलीत असेल, तर कुठलाच कॅमेरा दोन्ही बाजू नीट सांभाळत नाही. काचेच्या आतून पातळ पांढरं कापड ताणून घेतलं की निभावतं, पण ते डेकोरेटरला आधी सांगावं लागतं आणि त्याची शिडी तेवढी उंच लागते. काच खरंच उत्तरेला आहे का, हेही मोबाइलच्या होकायंत्रावर बघून घ्या. छप्पर बदलताना काचा काढून सरसकट पत्रा टाकलेला असेल, तर त्या शेडचा फोटोंना काही उपयोग नाही.

सूर्य मावळला की चित्र उलटतं. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, म्हणजे गोरज मुहूर्ताला वर फक्त काळोख. कार्यालयाचं पांढरं छत साधारण 12 फुटांवर असतं. 6 फुटांवरून फ्लॅश वर मारला तर उजेड 6 फूट वर आणि 6 फूट खाली, असा 12 फूट जाऊन माणसांवर पसरतो. शेडचं छत 30 फुटांवर असेल तर तो प्रवास 48 फुटांचा होतो. अंतर चौपट झालं की उजेड सोळावा हिस्सा उरतो, आणि वरचं गंजक्या रंगाचं लोखंड त्यातलाही बराचसा गिळतं. मग स्टँडवर मोठे दिवे लावावे लागतात, ते हलवायला एक माणूस जास्तीचा लागतो, आणि सजावटीचे पिवळे बल्ब लटकवलेले असतील तर त्या पिवळ्याशी आपल्या दिव्यांचा रंग जुळवून घ्यावा लागतो. हे सगळं केलं तर रात्रीची शेडही देखणी दिसते. कोटेशनमध्ये हे दिवे धरले आहेत का, ते तुमच्या फोटोग्राफरला आधीच विचारा.

विटांच्या भिंती पाठीमागे शोभतात, पण त्यांना अगदी खेटून उभं राहिलं की गालावर तांबूस झाक येते. कुटुंबाचा ग्रुप फोटो भिंतीपासून सात-आठ फूट पुढे घ्यावा.

कार्यालयाची बाजूही नीट मांडायला हवी. तिथे पाऊस असो, रात्र असो, फोटो ठरल्यासारखे येतात. स्टेज उंच असतं, मागच्या रांगेतल्या मावशीलाही सप्तपदी दिसते. अडचण आहे ती स्टेजच्या दिव्यांची. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीचे एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. उधळलेल्या अक्षता हवेत थांबलेल्या दिसायच्या असतील तर शटर सेकंदाचा 1/500 भागच उघडावं लागतं, आणि त्या वेगाला फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. तेच 1/100 सेकंदावर आणलं की पट्टे जातात, पण अक्षतांच्या रेघा होतात. जांभळे-गुलाबी दिवे तर हळदीच्या अंगाचा रंगच घालवतात. कार्यालय ठरवलंत तर मंगलाष्टकांच्या वेळी रंगीत दिवे आणि मागची एलईडी वॉल बंद ठेवायची, एवढं बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या.

आवाजाचा विचार फोटोंच्या नादात राहून जातो. उघड्या विटा, पत्रा, सिमेंटची फरशी, आवाज मुरायला शेडमध्ये जागाच नसते. एका लग्नात नवरीच्या आजींनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं. मी कॅमेऱ्यावरच्या माइकवर विसंबलो होतो. व्हिडिओत आजींचा आवाज आहे, सूर आहे, पण एक ओळ संपायच्या आत तिचाच घुमारा पुढच्या ओळीवर चढतो आणि शब्द काही केल्या लागत नाहीत. त्या मुलीने नंतर फोन करून शब्दच मागितले. माझ्याकडे ते नव्हते. त्या दिवसापासून शेडमध्ये गुरुजींच्या उपरण्याला एक कॉलर माइक आणि मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांच्या हातात दुसरा, याशिवाय मी काम घेत नाही. कार्यालयात पडदे, गालिचे आणि गाद्यांच्या खुर्च्या असतात, तिथे हा प्रश्न फारसा येत नाही. आषाढातला एखादा मुहूर्त असेल तर पत्र्यावरच्या पावसात शेडमधलं काहीच ऐकू येणार नाही, हेही धरून चाला.

होमाच्या बाबतीत शेड पुन्हा पुढे. धूर उंच छपराकडे जातो आणि काचेतून येणाऱ्या उजेडात त्याचे पदर दिसतात. बंद एसी हॉलमध्ये तो खालीच कोंडतो, लाह्या वाहायच्या वेळी नवराबायको डोळे चोळत असतात.

जागा कोणतीही असो, बाहेर पडायच्या वाटा मोजा. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या आगीत 14 माणसं गेली. जुन्या आवारात अग्निशमनाचा दाखला मागायला संकोच करू नका, आणि आमच्यासारख्यांचे दिव्यांचे स्टँड दारात उभे असतील तर हलवायला लावा. ड्रोन हवा असेल तर नवी मुंबईत विमानतळामुळे ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा ‘डिजिटल स्काय’ हा सरकारी नकाशा आधी बघावा लागतो. वऱ्हाडात गुडघेदुखीची माणसं असतील तर शेडची खडबडीत फरशी आणि लांबचं स्वच्छतागृह हे दोन्ही पायी चालून बघा.

आणि जागा बघायला जाल तेव्हा रविवारी संध्याकाळी सवडीने जाऊ नका. मुहूर्त सकाळी 11 वाजून 20 मिनिटांचा असेल तर त्याच वेळी जा, आईला बरोबर न्या. जिथे बोहलं येणार तिथे तिला उभं करा, मान थोडी खाली घालायला सांगा आणि फ्लॅश बंद ठेवून साध्या मोबाइलने एक फोटो काढा. दुसऱ्या जागी हेच पुन्हा करा. घरी आल्यावर दोन्ही फोटोंत फक्त तिचे डोळे बघा.