इटलीतल्या पादुआचं स्क्रोवेन्यी चॅपेल: पंधरा मिनिटांत काय बघाल?

तिकीट आधी काढूनच जायचं, ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका. आत सोडण्यापूर्वी पंधराएक मिनिटं काचेच्या खोलीत बसवतात, बाहेरचा दमटपणा आणि धूळ चित्रांपर्यंत पोचू नये म्हणून. तिथे माहितीपट चालू असतो, तो नीट बघा. आतही पंधराच मिनिटं मिळतात, एवढीच माझी तक्रार.

इटालियन चित्रकार जोत्तोने साधारण १३०३ ते १३०५ या काळात या छोट्या प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवल्या. सगळं बघायच्या नादात धड काहीच बघून होत नाही. वेदीकडे तोंड करून उभं राहिलात की डाव्या भिंतीवर, खालच्या ओळीत, येशूच्या मृतदेहाभोवतीचा शोक आहे. निम्मा वेळ तिथे घालवा.

मरियेने लेकाला कवेत घेतलंय आणि ती त्याचा चेहरा अगदी जवळून निरखतेय. येशूची अनुयायी मग्दालीया मरियेने पाय धरलेत. शिष्य योहान पुढे वाकलाय, दोन्ही हात मागे फेकून. वर आभाळात देवदूतांचा नुसता आकांत. पण मला हलवलं ते पाठमोऱ्या बसलेल्या दोघींनी. चेहरा नाही, डोक्यामागे प्रभावळ नाही, फक्त वाकलेल्या पाठी. त्या संत नाहीत, तुमच्याआमच्यातल्याच कुणीतरी, आणि आपण त्यांच्या मागेच उभे! मरियेच्या वस्त्राचा निळा रंग मात्र बराच उडालाय. तो ओल्या गिलाव्यात न मुरवता सुकल्यावर वरून लावलेला, म्हणून टिकला नाही.

खडकाची उतरती कड नजरेला थेट मायलेकांपाशी आणते. कडेच्या वरच्या टोकाला एक निष्पर्ण झाड. शेजारच्या नक्षीपट्टीतलं छोटं चित्र बहुतेक जण चुकवतात: बायबलमधल्या योना संदेष्ट्याला मासा गिळतोय. तीन दिवसांनी तो जिवंत बाहेर येणार, हे तेव्हाच्या भाविकाला पाठ होतं. पुढच्याच चौकटीत येशूही मरणातून उठलेला आहे आणि तीच मग्दालीया गुडघ्यांवर बसून त्याच्याकडे हात पसरतेय. ही दोन चित्रं जोडीनेच बघा, तरच त्या रडण्याचा अर्थ लागतो.

दारावरच्या भिंतीवर अंतिम न्याय आहे, म्हणजे जगाच्या शेवटी पापी आणि पुण्यवंतांचा होणारा निवाडा. तिथे हे चॅपेल बांधून घेणारा एन्रिको स्क्रोवेन्यी स्वतःच चॅपेलची प्रतिकृती अर्पण करताना दिसतो, तोही पुण्यवंतांच्या बाजूला. बाप सावकार, आणि सावकारी तेव्हा पाप, म्हणून कवी दान्तेने आपल्या काव्यात त्याला नरकात बसवलेलं. मुलाने बरी सोय लावून घेतली म्हणायची.

बाहेर पडल्यावर शेजारच्या एरेमितानी संग्रहालयातही जा. या चॅपेलसाठी जोत्तोनेच रंगवलेला क्रूस आता तिथे आहे, आणि त्याच्यासमोर घड्याळ लावून कुणी उभं करत नाही.