निळी वँडा घरपोच: खोक्यातलं काय ठेवावं, काय बाजूला काढावं

‘निळी वँडा, फुलायच्या वयाची, टोपलीसह’ असा या ऑर्किडचा संच आता बऱ्याच रोपवाटिका कुरियरने पाठवतात. खोक्यात साधारण हे निघतं: उघड्या मुळांचं एक रोप, सागवानी पट्ट्यांची सहा इंची टोपली, टांगायची तार, कोळशाची पिशवी, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वडी, खताच्या दोन पुड्या आणि अर्ध्या पानाचं सूचनापत्रक. यातलं रोप बहुतेक वेळा चांगलं असतं. टोपलीही चालते. घात करतात त्या उरलेल्या वस्तू, आणि सगळ्यात जास्त ते अर्धं पान.

आधी नावाचा घोळ सोडवू. खरी निळी वँडा म्हणजे वँडा सेरुलिया. खासी टेकड्या, मणिपूर, नागालँड आणि पुढे म्यानमार-थायलंडच्या डोंगरांत ती झाडांच्या फांद्यांवर वाढते. मणिपुरात तिला क्वाकलेइ म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम ग्रिफिथ यांना ती १८३७ मध्ये खासी टेकड्यांत सापडली, आणि १८५० मध्ये जोसेफ हूकर यांनी लंडनजवळच्या क्यू बागेसाठी सात माणसांना वाहावी लागतील एवढी झाडं उतरवून घेतली. इंग्लंडला त्यातली मोजकीच जिवंत पोचली. अशा ओरबाडण्यामुळे आणि जंगलतोडीमुळे ही जात इतकी आटली की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात नाव घेऊन संरक्षण दिलेल्या थोड्या वनस्पतींत तिची गणना झाली. परवान्याशिवाय तिची लागवड किंवा विक्री करता येत नाही. त्यामुळे कोणी ‘अस्सल जंगली सेरुलिया’ म्हणून विकत असेल तर तिथूनच परत फिरावं.

खोक्यात येते ती बहुधा संकरित वँडा असते. १९३१ मध्ये सेरुलिया आणि फिलिपाइन्सच्या मिंडानाओ बेटावरची सँडेरियाना यांचा संकर रोथशिल्डियाना या नावाने नोंदला गेला, आणि आज बाजारात दिसणाऱ्या निळ्या-जांभळ्या वँडांत त्या घराण्याचं रक्त भरपूर आहे. यात फसवणूक नाही, फक्त विक्रेत्याने तसं लिहायला हवं. रोपाच्या पट्टीवर संकराचं नाव नसेल तर ते मागून घ्यावं. फूल आल्यावर फरक कळतो. सेरुलियाच्या पाकळ्या बुडाशी पीळ खातात आणि दोन पाकळ्यांमध्ये मोकळी जागा दिसते. संकरिताचं फूल भरीव, गोलसर, खालच्या बाजूला रुंद असतं आणि त्यावरची गडद जाळी ठसठशीत असते. महाराष्ट्रासाठी संकरितच बरी. सेरुलियाला हिवाळ्यात थंडगार रात्री लागतात, त्या मुंबई-रत्नागिरीला मिळत नाहीत. झाड वाढत राहतं आणि फुलायला कुरकुरतं. संकरिताला मात्र कोकणचा दमटपणा मानवतो.

आता रोप. पानांपेक्षा मुळं आधी बघावीत. वँडाची मुळं उभा जन्म हवेत काढतात. त्यांच्यावर चांदीसारखं पांढुरकं, स्पंजाच्या जातीचं कवच असतं. मूळ पाण्यात बुडवलं की हे कवच पाणी पितं आणि आतला हिरवा रंग बाहेर दिसू लागतो, अगदी डोळ्यांदेखत. हीच रोपाची तपासणी. खोकं उघडल्यावर मुळं खोलीच्या तापमानाच्या पाण्यात वीस-तीस मिनिटं बुडवून ठेवावीत. हिरवी होतात ती जिवंत. तपकिरी राहतात आणि चिमटीत धरल्यावर कवच सालीसारखं सुटून आत नुसता दोरा उरतो ती मेली, ती कापून टाकावीत. कात्री प्रत्येक रोपाआधी ज्योतीवर तापवून घ्यावी. दालचिनीची पूड पानाच्या कापावर चालते, पण जिवंत मुळांना लावू नये, ती त्यांना सुकवते. चांगल्या रोपाला किमान पाच-सहा जिवंत मुळं हवीत आणि त्यातल्या दोघातिघांची टोकं तरी हिरवी किंवा जांभळट, ओलसर चमकणारी हवीत. पानांच्या सहा-सात जोड्या आणि एकच धड मूळ असलेलं रोप घेऊ नये. चार जोड्या आणि आठ मुळांचं घ्यावं.

प्रवासात पानांवर थोड्या सुरकुत्या येतात, खालची दोन-तीन पानं पिवळी पडून गळतात. त्याची काळजी नको. शेंड्याचं कोवळं पान ओढल्यावर सहज हातात आलं, किंवा त्याच्या बुडाला काळपट पाणचट डाग दिसला, तर मात्र त्याच दिवशी फोटो काढून रोप परत करावं. हा शेंड्याचा कुजवा आहे आणि तो उतरत खाली येतो. ठेवायचंच ठरवलं तर कुजका भाग निरोगी पांढऱ्या पेशी दिसेपर्यंत कापावा, द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचं मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम घालून फवारावं आणि आठवडाभर शेंड्यावर पाण्याचा थेंबही पडू देऊ नये. शेंडा गेला तरी खालचं खोड जगलं तर बगलेतून पिल्लं फुटतात, पण फूल दोन-तीन वर्षं लांबतं.

टोपलीबद्दल तक्रार नाही. सागवान पावसात टिकतं, फटी रुंद आहेत. तार तेवढी पाहावी. गंजणारी किंवा तांब्याची असेल तर बदलून स्टीलची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली लावावी, तांब्याचा अंश मुळांना बाधतो. भिजवून लवचिक झालेली मुळं फटींतून हळूच ओवावीत. कोरडी ओवायला गेलं तर काडीसारखी तुटतात. खोडाचा बुंधा सुती सुतळीने दोन ठिकाणी टोपलीला घट्ट बांधावा, कारण हलतं रोप नवी मुळं चिकटवू शकत नाही. आधार म्हणून कोळशाचे सुपारीपेक्षा मोठे चार-सहा तुकडे पुरेत. पिशवीतला चुरा चाळून टाकून द्यावा.

कोकोपीट बाजूला ठेवावं, मोगऱ्याच्या कुंडीला उपयोगी पडेल. वँडाच्या मुळांना भिजणं जितकं लागतं तितकंच लवकर सुकणंही लागतं. पाणी दिल्यावर तीन-चार तासांत ती पुन्हा चांदीसारखी पांढरी व्हायला हवीत. कोकोपीट दोन-दोन दिवस ओलं राहतं, हवा कोंडते, मूळ आतून सडतं. शिवाय नीट न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार असतात. सूचनापत्रक टोपली त्याने ‘पूर्ण भरा’ म्हणतं. त्या एका ओळीमुळे किती रोपं गेली असतील याचं वाईट वाटतं.

त्याच पत्रकातली दुसरी ओळ ‘आठवड्यातून दोनदा पाणी’ अशी आहे. ती कुंडीतल्या फॅलेनॉप्सिस या दुसऱ्या ऑर्किडला चालेल, उघड्या मुळांच्या वँडाला नाही. मार्च ते मे रोज सकाळी मुळं हिरवीगार होईपर्यंत पाणी द्यावं. नुसता फवारा मारून उपयोग नाही, कवच वरवर ओलं होतं आणि आत कोरडंच राहतं. सगळ्यात खात्रीचा मार्ग बादलीचा: टोपली उचलून मुळं दहा-पंधरा मिनिटं बुडवायची. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात दुपारी तीनच्या आत आणखी एकदा मुळांवर पाणी मारावं. संध्याकाळी नको. पानांच्या बेचक्यात रात्रभर साचलेलं पाणी हेच शेंडाकुजीचं मूळ कारण. हिवाळ्यात एक-दोन दिवसांआड पुरतं, आणि पुण्या-नाशिकला रात्रीचा पारा दहाच्या आसपास आला तर टोपली भिंतीच्या आडोशाला घ्यावी. पंधराखाली वाढ थांबते.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. पावसाचं पाणी या झाडाला अमृत, पण सलग आठ दिवसांची झड आणि कोंदट हवा मारक. टोपली वळचणीखाली किंवा पारदर्शक पत्र्याखाली, वारा लागेल अशी टांगावी. पागोळीच्या धारेखाली मुळीच नको. हवा हलत नसेल तर छोटा पंखा लावावा. याच दिवसांत गोगलगायी रात्री मुळांची कोवळी टोकं कुरतडतात. सकाळी टोक सपाट कापल्यासारखं दिसलं तर बॅटरी घेऊन रात्री नऊनंतर शोधावं, वेचून काढणं हाच उपाय.

पाण्याचा दर्जा संचात कुठेच लिहिलेला नाही, आणि ती मोठी चूक आहे. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, दोनशे पीपीएमच्या आत हवा. धरणातून येणारं मुंबई-पुण्याचं नळाचं पाणी बहुधा चालतं. सोसायटीच्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर मीटर लावून बघावं. पाचशेच्या वरच्या पाण्याने महिन्या-दोन महिन्यांत मुळांची टोकं काळी पडून वाढ खुंटते. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राच्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडाला घालायची चांगली सवय अनेक घरांत आहे, वँडाला मात्र ते कधीच घालू नये, कारण सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात.

खताच्या पुड्यांपैकी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) उपयोगी आहे. मात्र पत्रकात ‘लिटरला एक चमचा’ लिहिलंय. चहाच्या चमच्यात पाच ग्रॅमच्या आसपास खत बसतं, म्हणजे हवं त्याच्या पाचपट. लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि आधी साध्या पाण्याने मुळं हिरवी करून मगच. कोरड्या मुळावर खत घातलं की टोक जळतं. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने खळखळून धुवावं. दर पंधरा दिवसांनी कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम द्यावं, पण १९:१९:१९ मध्ये मिसळून नाही. त्यातल्या स्फुरदाशी त्याचा साका होऊन तळाला बसतो. ‘फुलांसाठी’ म्हणून दिलेली दुसरी पुडी उघडायचीही गरज नाही.

फूल येतं ते उजेडाने. वँडाला फॅलेनॉप्सिसपेक्षा बराच जास्त प्रकाश लागतो. सकाळचं ऊन थेट आणि अकरानंतर पन्नास टक्क्यांच्या शेडनेटखाली अशी जागा उत्तम. एप्रिल-मेच्या दुपारी पंचाहत्तर टक्क्यांची जाळी लावावी. पान गडद हिरवं आणि लुसलुशीत झालं तर उजेड कमी पडतोय. पोपटी-हिरवं, ताठ आणि कडेला किंचित जांभळट ठिपके, हा बरोबर रंग. पांढरट कोरडा चट्टा म्हणजे ऊन भाजलं. उत्तरेकडच्या गॅलरीत हे रोप घेऊ नये. झाड वर्षानुवर्षं जगेल, फुलणार नाही.

दांडा पानाच्या बगलेतून निघतो. मुळाचं टोक गोल आणि गुळगुळीत असतं, दांड्याचं टोक चपटं आणि खवल्यांचं. कळ्या दिसल्यावर फुलकिड्यांकडे लक्ष ठेवावं. कळीवर रुपेरी ओरखडे आले की ते आलेत असं समजावं. निंबोळी तेल पाच मिली आणि द्रवरूप साबण एक मिली, लिटरभर पाण्यात घालून फवारावं, पण कळ्या फुटण्याआधीच. पिकत घातलेली केळी जवळ असतील तर त्यातून सुटणाऱ्या इथिलीनने कळ्या पिवळ्या पडून गळतात. पहिलं फूल उघडतं तेव्हा लहान आणि फिकट, जवळजवळ करडं असतं. विक्रेत्याला ‘निळं नाही आलं’ असा संदेश लगेच पाठवू नये. पाच-सात दिवसांत पाकळी रुंदावते, जाळी उमटते, रंग भरतो. तेवढे दिवस दांडा कापू नये, कापलेलं अर्धवट फूल पुढे वाढत नाही.

मागवायचा काळ फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर. मे महिन्यात बंद खोकं गोदामात तापतं, जुलैत ओल्या वेष्टनात शेंडा कुजतो. तीन दिवसांहून जास्त प्रवास असेल तर दुसरी रोपवाटिका बघावी. आणि ऑर्डर देताना विक्रेत्याकडून मुळं भिजवलेल्या स्थितीतला, त्याच रोपाचा फोटो मागावा. जो विक्रेता असा फोटो आढेवेढे न घेता पाठवतो, त्याचं रोप घ्यावं.