घरगुती भूकंपमापक ज्वालामुखीच्या अभ्यासाला कितपत उपयोगी? नागपुरातील वापरानंतरचे परीक्षण

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारे, एकाच डब्यात जिओफोन (म्हणजे जमिनीची कंपने टिपणारा संवेदक) आणि अवश्राव्य (म्हणजे 20 हर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेच्या) ध्वनीचा संवेदक असलेले भूकंपमापक आमच्या विज्ञान मंडळाने घेतले, ते ज्वालामुखीचे स्फोट कसे मोजतात हे मुलांना शिकवण्यासाठी. नागपुरात याचे काय काम, हा प्रश्न रास्त आहे. सीताबर्डीच्या टेकडीवरील बेसाल्ट थिजून 6 कोटींहून अधिक वर्षे झाली आणि देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी दूर अंदमानात, बॅरन बेटावर आहे. तरीही खरेदी योग्य ठरली, असे माझे मत आहे.

या यंत्राचे खरे मोल दोन्ही संवेदकांना मिळून असलेल्या एकाच घड्याळात आहे. स्फोटाची लहर जमिनीतून सेकंदाला एक-दोन किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने येते, तर हवेतला दाबाचा धक्का सेकंदाला सुमारे 340 मीटर वेगाने मागाहून पोहोचतो. म्हणजे विवरापासून 3.4 किलोमीटरवरील केंद्रावर जमीन आधी हलते आणि हवेतला धक्का स्फोटानंतर दहाव्या सेकंदाला येतो. विवराचे अंतर ठाऊक असताना या दोहोंतील फरक अपेक्षेपेक्षा जास्त भरला, तर हादरा शिलारसाच्या नळीत खोलवर सुरू होऊन वायू नंतर पृष्ठभागी फुटला असावा, असे अनुमान करता येते. त्याआधी तापमानाचा हिशेब मात्र हवा, कारण दर अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो (आपल्या मे महिन्यातल्या 45 अंशांना तो 358 मीटरच्या आसपास जातो). इंटरनेट बंद पडून घड्याळ थोडे सरकले तरी हा फरक बिघडत नाही. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या ‘स्वार्म’ या मोफत प्रणालीत परदेशी ज्वालामुखी केंद्रांच्या खुल्या नोंदी उघडल्या, की मुले हेच गणित खऱ्या स्फोटांवर करतात.

मर्यादाही गंभीर आहे. जिओफोनची नैसर्गिक वारंवारता 4.5 हर्ट्झ असल्याने त्याहून बरीच मंद कंपने तो नीट टिपत नाही; म्हणून इटलीतील स्ट्रॉम्बोलीच्या स्फोटांबरोबर उमटणारी, कित्येक सेकंद आवर्तकालाची स्पंदने त्याच्या आवाक्याबाहेर राहतात. आणि शिलारसाच्या नळीतून वायूचे मोठे बुडबुडे कसे सरकतात, हे नेमके त्याच स्पंदनांतून कळते. त्यासाठी ब्रॉडबँड (म्हणजे जलद ते अतिमंद अशी सर्व कंपने टिपणारा) भूकंपमापकच लागतो आणि तो आमच्यासारख्यांच्या खिशाला परवडणारा नाही. इथे बसून दूरचा स्फोट पकडण्याची आशाही ठेवू नये. 15 जानेवारी 2022 रोजी टोंगातील हुंगा ज्वालामुखीच्या उद्रेकाची दाबलहर साध्या वायुदाबमापकांनीही जगभर टिपली, पण तसा उद्रेक विरळाच.

उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की पडद्यावर 23-24 हर्ट्झवर एक अखंड रेघ उमटते. ज्वालामुखीच्या हार्मोनिक ट्रेमरमध्येही (म्हणजे ठरावीक वारंवारतांच्या सलग थरथरीतही) अशाच सलग रेघा दिसतात, त्या मात्र बहुधा खूपच कमी वारंवारतेच्या असतात. त्यामुळे कूलर हाच आमचा पहिला पाठ झाला. हवेच्या संवेदकाला कूलरचा झोत अजिबात सोसत नाही.

आयात शुल्क धरून खर्च एका नव्या स्कूटरच्या घरात जातो. शाळांनी पैसे वाचवण्यासाठी केवळ जिओफोन असलेले मॉडेल घेऊ नये, कारण स्फोटाचा अभ्यास त्यात अर्धाच होतो. यंत्र तळमजल्यावर, थेट फरशीवर आणि कूलर नसलेल्या खोलीत ठेवावे, आणि सोबत छोटा यूपीएस अवश्य घ्यावा.